टाकीमागं ठेवलेला कॅन

भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी कायम टर उडवत आलोय. त्यामुळे हे लिहिताना ओशाळल्यासारखं होतंय... पण खरं कारण वेगळंच आहे.

मी सुप्याच्या एमआयडीसीत नोकरीला, घर जवळच्याच खेड्यात. गेल्या मे महिन्यात ऑफिसमधल्या तीन फॅमिलींबरोबर दोन दिवस कोकणात गेलो. समुद्रात घुसलेल्या जमिनीच्या टोकावरचा बीच, पाणी उथळ, म्हणून लेकुरवाळ्यांची हीऽ गर्दी.

निघताना आईनं तेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन आणि दोर गाडीत ठेवला. आमच्याकडची पोरं असाच कॅन पाठीला बांधून विहिरीत पोहायला शिकतात. माझी आठ वर्षांची स्वराही तशीच शिकत होती, आणि कॅन बांधायची ती आईच.

"समिंदर हाय, इहीर न्हाई. पोरीला बांधल्याबिगर सोडू नको," आई म्हणाली. मी हो म्हणालो आणि ती आत वळताच दोरासकट कॅन काढून पाण्याच्या टाकीमागं सरकवला. दोर सुटाच होता, गाठ न मारलेला. ऑफिसच्या लोकांसमोर तेलाचा कॅन... लाज वाटली, दुसरं काय!

बीचवर मी मोबाईलवर ग्रुप फोटो काढण्यात दंग. बायको ओरडली तेव्हा स्वरा लाटेबरोबर पार आत गेली होती. गळ्याइतक्या पाण्यातून कसाबसा पोहोचलो, तर पोरगी विहिरीत तरंगते तशी — पालथी, मान वर, निवांत. उचलल्यावर म्हणाली, "पप्पा, आजीनं लई घट्ट बांधलंय. सोडा ना."

पाठीवर काहीच नव्हतं. छातीवर मात्र दोराचे लाल वळ होते. बायकोनंही पाहिले.

घरी आल्यावर आधी टाकीमागं गेलो. कॅन तिथंच होता. दोर ओला, आणि त्याला आईची ती दुहेरी गाठ, जी आमच्या घरात दुसऱ्या कुणाला जमत नाही. आई तर दोन्ही दिवस घरीच होती, आणि कॅन गाडीतून गेला असंच तिला वाटत होतं. टाकी गळते, मान्य... पण मी दोर जिभेला लावून पाहिला. खारट होता.

तेवढ्यात आई आली. माझ्या हातातून कॅन घेऊन तिनं त्याची वाळू झटकली, गाठ सोडवली.

"बरं झालं, माझं ऐकलंस," ती म्हणाली.

मी मान हलवली. वर्ष होत आलं, तिला खरं सांगायची हिंमत झालेली नाही. ती गाठ कुणी मारली, मला आजही माहीत नाही. मी मारली नव्हती, एवढंच पक्कं ठाऊक आहे.