आण्णांनी बघितलेला परग्रहवाल्यांचा सिनेमा

लागोपाठ दुष्काळ पडले आणि आमच्या मेंढ्या गेल्या. काही चाऱ्यावाचून मेल्या, उरलेल्या आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, विकल्या. सांगोल्याकडचं गाव सोडून आम्ही सोलापूरजवळ कुंभारीत आलो. एक खोली, वर पत्रा. आण्णा टॉवेलच्या कारखान्यात गठ्ठे उचलू लागले, आई घरी टॉवेलच्या कडा शिवायला लागली. भाकरीबरोबर शेंगाचटणी असायची, तीही पुरवून पुरवून. कळपामागं रानोमाळ हिंडलेला माणूस दिवसभर चार भिंतींत कोंडला गेला. घरी आले की उंबऱ्यात बसायचे. बोलायचे अगदी कमी. मला कॉलेजात घातलं ते मात्र कुणालाही न विचारता.

बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला एक प्रकल्प करायचा होता. त्यात नापास झाले तर पदवी अडणार होती, आणि आणखी एक वर्ष शिकवायची ताकद घरात नव्हती. आईनं सांगूनच ठेवलं होतं, "पास झालीस तर सायबीण, न्हायतर हितं मशीनवर."

मला अंतराळाचे, परग्रहाचे सिनेमे भयंकर आवडतात. तोच विषय घेतला. असल्या सिनेमांचा श्रद्धेशी काही संबंध नसतो, ते बुद्धीनं बघायचे असतात, असं मी ठोकून दिलं. प्रकल्प बघणाऱ्या मॅडमनी वाचलं आणि म्हणाल्या, "बघणारी माणसं कुठायत यात? घरच्यांना एक सिनेमा दाखव. ते काय बोलतात ते लिही. मधे तोंड घालू नकोस." लॅपटॉपही त्यांनीच दिला.

रविवारी दुपारी आण्णा, आई आणि शेजारच्या तेलुगू मावशी अशी मंडळी चटईवर बसली. सिनेमा माझा लाडका, हिंदीत डब केलेला. गोष्ट साधी आहे. ढगांसारखे करडे जीव आभाळातून एका शेतात उतरतात आणि नुसते बसून राहतात. सैन्य येतं. पांढऱ्या कोटातली एक शास्त्रज्ञ बाई त्यांच्यावर नजर ठेवते. काही दिवसांनी ते उठून निघून जातात. मागं जमीन काळी पडलेली असते, तिथलं गवत खाऊन एक गाय मरते. बाई म्हणते, हे विष आहे. मग सगळं रान जाळतात आणि जग वाचतं.

जीव उतरले तशा मावशी कळवळल्या. "अय्यो, एवढ्या लांबून आले, कुणी पाणी तरी विचारलं का?"

"मावशी, राक्षस हायत ते," आई म्हणाली.

"राक्षस असला म्हणून तहान लागत नाही काय?"

आण्णा पुढं सरकले. "राक्षस कुटले! कळप हाय ह्यो. कडंला मोटी, मदी बारकी. बगा की, वस्तीला बसल्यात." सैन्य दिसलं तसे ते तापले. "आली का दांडकी घिऊन! आमालाबी असंच हुसकायची."

जीव उठून गेले, काळी जमीन दिसली, आणि आण्णांनी मांडीवर थाप मारली. "रान खतावलं की गं!"

मग माझ्या ध्यानात आलं. आमच्यात शेतकरी बोलावून नेतो आणि मेंढ्या आपल्या रानात बसवून घेतो. कळप दोन-तीन रात्री बसला की लेंड्यांनी जमीन काळीभोर होते, आणि बदल्यात आम्हाला धान्य मिळतं. आण्णांना विष दिसलंच नव्हतं. त्यांना पुढच्या साली येणारी ज्वारी दिसत होती.

"आण्णा, गाय मेली की!" मी तोंड घातलंच.

"तिला दुसरं काय तरी झालं आसंल. आदीच लाळ गळत हुती."

"व्हय व्हय, तुमीच ढोरांचं डाक्टर," आई म्हणाली.

रान पेटलं तेव्हा तर आण्णा उठूनच उभे राहिले. "अगं ये येडे! जाळतीस व्हय? मालकाला तरी इचारलंस का?"

आई पदरात तोंड घालून हसत होती, मावशींना ठसका लागला. शेवटी आण्णाही हसायला लागले. कुंभारीत आल्यापासून ते एवढं बोललेलं मी ऐकलं नव्हतं.

पण मालकाचं काय ते माझ्या डोक्यात राहिलं. मी सिनेमा परत लावला. खरंच, कुंपणाशी एक म्हातारा शेतकरी उभा होता. रान पेटतं तेव्हा तो डोक्यावरची टोपी काढतो. सिनेमा मला पाठ होता आणि हा माणूस मी कधी बघितलाच नव्हता. माझं सगळं लक्ष त्या पांढऱ्या कोटावर. शिकलेलं माणूस चुकत नाही, हीच माझी श्रद्धा, आणि मला तीच बाई व्हायचं होतं. मग आधीचं सगळं खोडलं आणि नव्यानं लिहिलं. बघणाऱ्यांत माझंही नाव घातलं.

तोंडी परीक्षेला बाहेरचे सर आले होते. त्यांनी कागद बाजूला ठेवले. "तुमच्या वडिलांना सिनेमा कळलाच नाही, असं नाही वाटत?"

"नाहीच कळला, सर. सिनेमात ते विषच आहे."

"मग?"

"पण तो शेतकरी त्यांना दिसला. मला सिनेमा कळूनही दिसला नव्हता. आण्णांनी आपली मेंढरं बघितली, मावशींनी दारात आलेला पाहुणा, आणि मी माझा कोट. तेवढंच मी लिहिलंय."

सरांनी कागद पुन्हा हातात घेतले. "आणि ती गाय?"

"गाईवरून घरात अजून भांडण चालू आहे, सर."

सर मोठ्यानं हसले. मॅडमही हसल्या.

प्रकल्प पास झाला आणि मी पहिल्या वर्गात बी.ए. झाले. आईच्या आणि आण्णांच्या, दोन्ही घराण्यांत माझ्याआधी कुणी पदवी घेतली नव्हती.