बसमधले झोपलेले

पहिली पाळी सुटली की हितेश लोट्याहून चिपळूणला निघालेल्या कंपनीच्या बसमध्ये झोपलेल्यांची चित्रं काढी. मोबाइलवरच्या पिळदार पुरुषांवरून तो स्नायू काढायला शिकला होता, पण त्याची माणसं पुतळ्यासारखी ताठ उतरत. दमून सैल पडलेला खांदा त्याला इथेच सापडला.

एकदा शेजारच्या सीटवरच्या सदूकाकांनी त्याची चित्रांची वही पाहिली.

"एवढं पोट माझं?"

"आहे तेवढंच काढलंय, काका."

"बरं. उद्या आत घेऊन बसतो."

वहीची बातमी बसभर पसरली आणि दुसऱ्या दिवशी बसमध्ये कोणी झोपेना. सगळे भांग पाडून, छाती काढून बसले. हितेशने वही मिटली. आता शिकायचं कोणावरून?

परशुराम घाटात वळणं सुरू झाली. आधी सदूकाकांची मान कलली, मग खांदा सुटला, पोट सावकाश पुढे आलं. हितेशने हळूच वही उघडली.