सोमलिंगअप्पाचं टोप्यांचं यंत्र

येरमाळ्याच्या पेठेत सोमलिंगअप्पाचं दुकान होतं आणि दुकानाच्या मागच्या उंबऱ्यापासून त्याच्या बायकोचं, नीलम्माचं राज्य सुरू व्हायचं. पुढं कंदील, घड्याळं, कुलपं आणि नळीच्या दोनचार बंदुका. मागं चूल, उतरंड आणि देवघर. अप्पा पुढचा माणूस, मागं यायचा तो जोडे, हात आणि तोंड तिन्ही धुऊनच. तोंड अशासाठी, की पुढं कुणाच्या कुलपाला शिव्या दिलेल्या असायच्या.

अप्पाचा स्वभाव एका वाक्यात सांगायचा तर त्याला बिघडलेली वस्तू दिसली की जेवण गोड लागायचं नाही. लग्नाच्या मांडवात सनईवाल्याच्या सनईची पत्ती फाटली होती, तर नवरदेव बाशिंगासकट ती बघायला उठला. नीलम्माच्या आईनं त्याच दिवशी कपाळाला हात लावला होता. वस्तू दुरुस्त करायची त्याची रीत ठरलेली. आधी नुसतं बघायचं, मग पुसायचं, मग पाटीवर लिहायचं. ठोकायचं सगळ्यात शेवटी. नीलम्मा म्हणायची, "माज्यावर रागावताना बी तुमी आधी पाटीवर लिवता का काय?"

तर ही गोष्ट निजामाच्या राज्यातली, दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांतली, १३५३ फसलीच्या म्हणजे १९४३ च्या हिवाळ्यातली. सोलापूरहून येणारी नवी काडतुसं बंद झाली होती. रिकामी पितळी काडतुसं पुन्हा भरून वापरायची, एवढाच मार्ग होता. तहसीलदारसाहेबांनी कुण्या परत निघालेल्या गोऱ्या साहेबाच्या लिलावातून काडतुसं भरायचं यंत्र घेतलं आणि शिपाई बलभीमच्या हाती ते गाडीत घालून अप्पाकडं धाडलं.

"अप्पा," बलभीम ओट्यावर बसत म्हणाला, "साहेबाचे हैदराबादचे पाव्हणे येनार हायत शिकारीला. म्होरल्या सोमवारी. पन्नास काडतुसं भरून ठिवा. आन् साहेबानं काय म्हटलं ठावं हाय का?"

"काय?"

"तुमच्या बंदूकदुरुस्तीच्या परवान्याची मुदत सरली. अर्जी साहेबाच्या मेजावर हाय. पन्नासच्या पन्नास बार उडाले, तर शिक्का. एक जरी फुसका निघाला, तर सोमलिंगअप्पानं कंदीलच पुसावेत."

बलभीम गेला आणि अप्पा यंत्राभोवती तीन फेऱ्या मारून आला. नीलम्मानं दाराआडून बघितलं. लोखंडाचा एक खांब, त्याला बाजूनं लांब दांडा, आणि डोक्यावर उभी एक पितळी नळी, वरून उघडी.

"ही नळी कशाला वो?"

"टोप्यांसाठी," अप्पा हरखून सांगू लागला. काडतुसाच्या बुडात डाळीएवढी तांब्याची टोपी बसवावी लागते. बंदुकीचा घोडा तिच्यावर आपटला की ठिणगी पडते, तेव्हा कुठं आतली दारू पेटते. आजवर अप्पा एकेक टोपी चिमट्यानं बसवायचा. या यंत्रात मात्र नळीत टोप्या भरायच्या, दांडा ओढला की खाली वाटीत एकच टोपी उतरायची आणि काडतुसात जाऊन बसायची. "मानसाचा हात लागतच न्हाय बघ!"

नीलम्माच्या कानात मात्र एकच शब्द राहिला होता. "दारू? घरात?"

"अगं, ती दारू न्हवं, बंदुकीची!"

"ती पिऊन मानूस मरतो, ही खाऊन डुक्कर. दोन्हीचं पाप उंबऱ्याच्या आतच की."

लिंगायताच्या घरात कांदा चिरतानासुद्धा नीलम्मा 'शिव शिव' म्हणायची. त्या घरात शिकारीचं यंत्र! पण परवाना गेला तर अप्पाचं काय होईल हेही तिला कळत होतं. नुसते कंदील पुसत बसलेला अप्पा म्हणजे दावणीला बांधलेला मोर. मग तिनं मनाशी वाट काढली. दुसऱ्या दिवशी पहाटे लिंगपूजा झाली की ती पुढं गेली आणि यंत्राला भस्म लावून आली. तीन बोटं. कपाळ कोणतं ते विचारायची गरज नव्हती. सगळ्यात उंच नळी, तिचंच टोक कपाळ. बोटांवरचं उरलेलं तिथंच झटकलं. "महादेवा," ती म्हणाली, "परवाना मिळू दे. आन् जीव कुनाचा जाऊ देऊ नगंस." दोन्ही मागण्या एकमेकींच्या अंगावर जातात हे तिच्या लक्षात आलं, पण ते बघणं देवाचं काम, असं म्हणून ती चुलीकडं वळली.

त्या दिवशी अप्पानं नळीत वीस टोप्या भरल्या, डोळ्यांना चष्मा लावला, यंत्रासमोर सागाची फळी उभी केली आणि दांडा ओढला. पहिली टोपी उतरली. दुसरी उतरली. तिसरी आलीच नाही. चौथ्या ओढीला दोन एकदम आल्या आणि वाटीत एकमेकींवर चढून बसल्या.

"बघू या," अप्पा आनंदानं म्हणाला. बिघाड मिळाला होता.

संध्याकाळपर्यंत पाटी भरली. 'सरळ', 'आडवी', 'उलटी', 'आलीच नाही', 'दोन'. नीलम्मानं जेवायला तीनदा हाक मारली.

"टोपी आडवी बसतीया," आतून उत्तर आलं.

"भाकरी बी आडवीच वाळतीया!"

दुसऱ्या दिवशी अप्पानं ठरवलं, नळी वाकडी असावी. दोऱ्याला शिसं बांधून नळीतून सोडलं, नळी सरळ निघाली. मग ठरवलं, टोप्याच लहानमोठ्या असतील. पत्र्याला भोक पाडून त्यातून एकेक टोपी गाळली, सगळ्या सारख्या निघाल्या. मग टेबल कललंय म्हणून एका पायाखाली पाचर मारली. टेबल सरळ झालं, पण त्यावरची सात घड्याळं बंद पडली. त्यांतलं एक देसाईगुरुजींचं होतं, ते मागं पडलेलं त्यांनी तसंच नेलं, त्यामुळं शाळा त्या दिवशी अर्धा तास उशिरा सुटली. मुलांनी अप्पाला दुवा दिला नाही.

तिसऱ्या दिवशी अप्पा म्हणाला, "नळी कोरडी हाय, तेल पायजे." घड्याळाच्या तेलाचे चार थेंब आत गेले. त्यानंतर टोपी अडायची ती अशी, की उलटी करून हलवली तरी नळी तिला सोडेना. अप्पाचा यंत्र आल्या दिवसापासूनचा नियम होता की टोप्यांनी भरलेल्या नळीला ठोकायचं नाही, एक फुटली तर साखळीनं सगळ्या फुटतील. म्हणून तो तासभर खराट्याची काडी घालून, जीव मुठीत धरून, एकेक टोपी उकरून काढायचा. त्या वेळात ओट्यावर कुणी खोकलं तरी त्याला चालत नसे.

पाटीवर 'आडवी' वाढत चालल्या तशी नीलम्माची काळजी वाढली, आणि काळजी वाढली तसं भस्मही. आधी तीन बोटं होतं, मग चिमूटभर झालं. गुरुवारी तर तिनं येडेश्वरी देवीच्या डोंगराकडं तोंड करून अख्खी मूठ नळीच्या तोंडावर वाहिली. "आता तरी ऐक गं बाई," ती यंत्राला म्हणाली. यंत्र बाई आहे की बुवा हे तिनं कधी ठरवलं नव्हतं, दिवसागणिक बदलायचं.

गुरुवारी दुपारी बलभीम बघायला आला. "किती झाली?"

"सहा," अप्पा म्हणाला.

"सहा? आन् सोमवारी?"

"चिमट्यानं बसवू का?" नीलम्मानं आतूनच विचारलं. "आधी बसवतच हुतात की."

अप्पाचं तोंड उतरलं. "तो चिमटा मीच मोडून या यंत्राला कळ केली," तो हळूच म्हणाला.

बलभीमनं डोक्याचा फेटा काढून गुडघ्यावर ठेवला. "अप्पा, तुमी गावाला टोपी घातली असती तर चाललं असतं. साहेबाला घालू नगा."

त्याच सांजेला दहिफळहून माहेरची गाडी आली. भावाच्या मुलीचं बारसं होतं. नीलम्माचं मन जात नव्हतं, पण अप्पानंच तिला घालवली. "तू हितं राहून काय टोप्या ढकलनार हायस? जा." शुक्रवार, शनिवार ती माहेरी राहिली. पाळण्याच्या गाण्यातही तिच्या डोळ्यांसमोर ती पाटी यायची. नाव ठेवायला भावजयीनं बाळ पुढं केलं, तर नीलम्मा बाळाच्या कानात म्हणाली, "सरळ बस गं." सगळ्या बायका हसल्या.

रविवारी सकाळी ती परतली, तर अप्पा ओट्यावर उभा. चेहरा दिवाळीसारखा. "बावीस! वळीनं बावीस सरळ! शुक्रवारी नळी खोलून तेलाचा काळा मळ पुसला आन् कोरडीच बसवली. तवापासून नुसतं पानी वाहतंय जसं!"

नीलम्माला भरून आलं. बारशाच्या घुगऱ्या खाली न ठेवताच ती देवघरात गेली, भस्म घेऊन आली आणि अप्पा तोंड धूत होता तेवढ्यात यंत्राला कृतज्ञतेनं चांगल्या दोन मुठी वाहून मोकळी झाली.

अप्पानं दांडा ओढला. टोपी आली नाही. पुन्हा ओढला. दोन आल्या, दोन्ही उलट्या.

अप्पानं पाटी बघितली. मग बायकोकडं बघितलं. पुन्हा पाटी बघितली.

"नीलम्मा," तो म्हणाला, "रागावू नगंस. पन हे यंत्र तुला भितंय."

"काय?"

"तू हुतीस तवा बिघडलं. गेलीस, सुधरलं. आलीस, पुन्हा बिघडलं. पाटीवरच हाय सगळं."

"मी काय त्याच्या नळीत जाऊन बसते का?" नीलम्माचा आवाज चढला. "चांगलं हाय की! बायकूपेक्षा लोखंड जवळचं! मी रोज पहाटं त्याच्यासाठी देवापुढं पदर पसरते, रोज त्याच्या कपाळाला…"

आणि ती थांबली.

तिची नजर नळीच्या तोंडाकडं गेली. तोंडाला पांढरी कड होती. आतून करडी भुकटी डोकावत होती, चुलीतल्या राखेसारखी. घरातला गूळ चिकट का झाला, शेवया का तुटल्या, दिवा का फडफडला, हे ओळखण्यात तिचा हात धरणारं पेठेत कुणी नव्हतं. तिला एका क्षणात सगळं कळलं. पण भस्मानं बिघडलं असं म्हणायला तिची जीभ रेटेना. देवाच्या वस्तूला दोष द्यायचा कसा? आणि गप्प राहावं, तर उद्या सोमवार.

"कपाळाला काय?" अप्पानं विचारलं.

नीलम्मानं पदर डोक्यावर नीट घेतला. "भस्म," ती म्हणाली. "रोज. नळीच्या तोंडावर. आज दोन मुठी."

अप्पा खाली बसला. आठ दिवसांची पाटी त्याच्या मांडीवर होती, आणि त्यात 'भस्म' हा रकाना नव्हता. मग तो उठला, नळी खोलली, उजेडाला धरली. पुसट हसू त्याच्या मिशीत आलं.

"भस्म शुद्धच हाय," तो गंभीरपणे म्हणाला. "नळी अरुंद हाय."

नीलम्माला वाटलं, इतक्या वर्षांच्या संसारात हा माणूस एवढं शहाणं कधी बोलला नव्हता.

टोप्या आधी काढून लांब ठेवल्या. मग नीलम्मानं रिठ्याचं कोमट पाणी केलं. तिनंच कापसाची लांब वात वळली, दोऱ्याला बांधून नळीतून आरपार ओढली. पहिली वात काळी निघाली, दुसरी करडी, पाचवी पांढरी. नळी उन्हात वाळली. अप्पानं बसवली. नीलम्मा मात्र तिथंच उभी.

"आता काय?"

"भस्म न लावता मी हे यंत्र घरात चालू देनार न्हाय."

"अगं, मग पायाला लाव त्याच्या."

"पायाला? भस्म? शिव शिव! भस्म कपाळीच."

अप्पानं दांडा वर केला, खाली ओढला. दांड्याची मूठ खाली वाकली. "हे बघ. देवापुढं काय वाकतं? डोकं. म्हंजे ही मूठ त्याचं डोकं. नळी नुसती शेंडी."

नीलम्मानं जरा विचार केला. पटलं. मुठीला तीन बोटं उमटली आणि दांडा चालू झाला. ती घुगऱ्या वाढत होती आणि पाटीवर 'सरळ' मोजत होती. दिवस कलायच्या आत पन्नास काडतुसं भरली. एकही टोपी आडवी नाही.

सोमवार गेला. मंगळवारी सकाळपासून अप्पा एकाच कंदिलाची काच पुसत होता. दुपारी बलभीम आला तो फेट्याशिवाय.

"उडाले का?" अप्पा उभा राहिला.

"पन्नासच्या पन्नास! पहिल्याच बाराला पाव्हणे 'वाह वाह' म्हनाले, तवा साहेबाची छाती अशी फुगली!" बलभीमनं कमरेचा कागद काढला. खाली शिक्का होता, लाल, ओला वाटावा असा. "तीन वर्सांचा परवाना."

अप्पानं कागद दोन्ही हातांनी घेतला. नीलम्मा उंबऱ्याच्या आतून पुढं आली. "आन् डुकरं?"

बलभीम इकडंतिकडं बघून हळू आवाजात म्हणाला, "वहिनी, कुनाला सांगू नगा. एक चिंचेची फांदी पडली. एक मडकं फुटलं. आन् माजा फेटा झाडावर ठिवला हुता, तो गेला. डुकरं समदी घरी गेली. पाव्हण्यांचा नेम आन् त्यांचं डोळं, दोन्ही आपापल्या वाटंनं जातात."

"एक बी न्हाय?"

"एक बी न्हाय."

नीलम्मानं देवघराकडं हात जोडले आणि चुलीवर गव्हाच्या खिरीचं पातेलं चढवलं. बलभीमला वाटी देताना अप्पानं विचारलं, "ही खीर परवान्याची का डुकरांची?"

"दोन्हीची," नीलम्मा म्हणाली. "गूळ तेवढाच लागतो."