परीक्षेच्या सकाळचा भोंगा

कुठं भोंगा वाजला की मला बीडकडचा तो दुष्काळ आठवतो. ऊसच नव्हता, म्हणून आमचा सहकारी साखर कारखाना बंद होता, आणि तिथला कारकून मी, कामगारांची हजेरी लागायची त्या, आता धुळीनं भरलेल्या टाइम ऑफिसात मनुष्यबळ व्यवस्थापनाच्या परीक्षेची शेवटची उजळणी करत होतो. "उद्या पहाटंची एसटी चुकली तर वर्ष जाईल," मी वॉचमनमामांना म्हणालो. "बिनघोर झोपा, मी उठवतो की." आणि पहाटे त्यांनी चक्क कारखान्याचा भोंगाच वाजवला! आवरून फाटकाशी आलो, तर निम्मी कामगार वसाहत डबे घेऊन उभी. "कारखाना सुरू झाला का हो?" "न्हाई," मामा ओशाळले, "यांची परीक्षा हाय." कुणी रागावलं नाही. एका फिटरनं आपला डबा माझ्या हातात दिला. "घेऊन जावा. मला कुठं कामावर जायाचंय?" पुढं आयुष्यभर माणसांना कामावर घेण्याचंच काम केलं, पण ती सकाळ विसरलो नाही. भोंगा ऐकून कुणीतरी आशेनं थापलेली ती भाकरी एसटीत उघडली, तेव्हाही गरम होती.