रंधाआत्या आणि मडमेची खुर्ची

कुणाच्याही घरी गेल्या की आमच्या रंधाआत्या आधी खुर्ची उलटी करून बघायच्या आणि मगच तिच्यावर बसायच्या. घर कुणाचं का असेना. शिरूरच्या पाळकसाहेबांचं असो, नाहीतर दौंडला मुलगी पाहायला गेलो तेव्हाचं अगदी परकं घर असो. होणाऱ्या व्याह्यांच्या बैठकीत, चहा यायच्या आत, या बाईंनी पदर खोचला, खुर्चीचे चारही पाय छताकडे केले, बुडाशी नाक नेलं आणि म्हणाल्या, "सांधा ढिला हाय. झुरळांनी सरस खाल्लाय सगळा." व्याही बघतच राहिले. लग्न जमलं, पण त्याआधी आत्यांनी बाजारातून लाकूड जोडायचा सरस आणवला, चुलीवर पातळ करून घेतला आणि खुर्ची आवळून दोरीनं बांधून ठेवली. निघताना म्हणाल्या, "पोरगी चांगली हाय. खुर्ची बी उद्या सकाळपर्यंत चांगली होईल." ती मुलगी म्हणजे मी, आणि ती खुर्ची माझ्या वडिलांची.

ही पानशेतचं धरण फुटायच्या आधीची गोष्ट. आत्या म्हणजे माझ्या यजमानांच्या आत्या. यजमान लहानपणीच पोरके झाले, तेव्हा आत्यांनीच त्यांना वाढवलं, म्हणून सासू म्हणा, काही म्हणा, मला त्याच. त्यांचं खरं नाव आमच्या ख्रिस्ती देवळाच्या यादीत होतं, पण त्या नावानं हाक मारलेली मी तरी कधी ऐकली नाही. उपासनेला जाताना हातात जी कापडी पिशवी असायची, तिच्यात पवित्र शास्त्र, गीतांचं पुस्तक आणि फडक्यात गुंडाळलेला एक छोटा रंधा. वाटेत कुणाचं दार घासत असलं तर? आहे की नाही! मिशनच्या बोर्डिंगमध्ये मुलांना सुतारकाम शिकवत आणि मुलींना शिवण. आत्या शिवणाच्या वर्गात. "मग तुम्ही सुतारकाम शिकलात कुठं?" असं मी एकदा विचारलं. "शिवणाच्या खिडकीतनं सगळं दिसायचं की," त्या म्हणाल्या. "शिवण मात्र मला आजून धड येत न्हाई."

त्यांचे यजमान दौंडला रेल्वेत गार्ड होते. त्यांना आम्ही सगळे गार्डमामा म्हणायचो. सुट्टीला शिरूरला येताना लोक खाऊ आणतात, मामा एस.टी.च्या टपावरून मोडकं लाकूड आणायचे. कुठल्याशा बाकाचा पाय, भंगारवाल्यानं जळणात टाकलेली फळी, बिनदाराचं कपाट. त्या वेळी नव्या टेबलाचा विचार आमच्यासारख्यांनी करायचाच नव्हता. माझ्या यजमानांच्या शाळामास्तरच्या पगारात पाट आणि बाजलं, संपलं. पण आत्यांच्या परसात शिरलं की डोळे मोठे व्हायचे. फुटक्या काचेच्या तुकड्यानं जुनं पॉलिश खरवडून काढायच्या. किडीच्या भोकात रॉकेल सोडायच्या. खडूची पूड आणि जवसाचं तेल मळून भेगा बुजवायच्या. उरलेली चहाची पत्ती उकळून उकळून नव्या फळीला जुन्या लाकडाचा रंग द्यायच्या. माझ्या घरातलं पहिलं टेबल तीन वेगवेगळ्या टेबलांचं होतं, आणि कुठून कुठपर्यंत कोण, हे मला वापरून वापरूनही कळलं नाही.

मोडलं हा शब्द त्यांना चालायचा नाही. कुणी म्हटलं, आत्या, ही खुर्ची मोडली, की त्या चिडायच्या. "मोडली काय म्हणता? दमलीय ती. तुम्ही बसून बसून दमवली." आणि खुर्ची काखोटीला मारून घेऊन जायच्या.

आता त्या खुर्चीबद्दल सांगते, जिच्यापायी सारं शिरूर हसलं. मिशनच्या बंगल्यातल्या मडमसाहेब कायमच्या मायदेशी निघाल्या तेव्हा त्यांचं सामान विकायला काढलं. चांगलं चांगलं पुण्याच्या लोकांनी उचललं. मागच्या पडवीत एक शिसवी खुर्ची राहिली, हात रुंद, बैठक खोल, पण एक हात निखळलेला आणि पाठ फाटलेली. आत्यांनी ती जवळजवळ फुकटात आणली. बैठकीला झाकण होतं आणि झाकणाखाली चांगलं वाटोळं भोक. आम्ही दोघींनी खूप डोकं चालवलं. शेवटी आत्यांनी निकाल दिला, "मडम सारखी विणत बसायची. लोकरीचे गुंडे ठेवायची जागा आसंल." मग त्यांनी हात बसवला, पाठीला नवार विणली, लाख आणि स्पिरिटचं पॉलिश चढवलं, भोकाखाली एक टोपली अडकवली आणि तिच्यात खरोखरच लोकर ठेवली. काय दिसत होती हो ती खुर्ची! पाळकसाहेब आले की त्यांना मानाची म्हणून तीच.

एके दिवशी बंगल्यावरचा म्हातारा खानसामा सहज सलाम करायला आला. पाळकसाहेब खुर्चीत, हातात कपबशी. खानसामा उंबऱ्यातच थबकला. आधी खुर्चीकडे बघितलं, मग पाळकसाहेबांकडे, आणि आत्यांना बाजूला घेऊन म्हणाला, "बाई, त्यांला कुठं बसवलंय तुम्ही? आवो, मडमेच्या संडासाची खुर्ची ती! मी सोता रोज तिच्यातलं भांडं धुवत होतो!" हळू बोलला असं त्याला वाटलं, पण म्हातारा बहिरा होता, त्यामुळे ते गल्लीला ऐकू गेलं. पाळकसाहेब कपबशीसकट उभे राहिले. गार्डमामा त्या दिवशी घरी होते. हसून हसून त्यांना ठसका लागला. पुढं महिनोन्महिने ते दौंडच्या गाडीत भेटेल त्याला ही गोष्ट सांगत. आत्यांनी खुर्चीवर पोतं टाकलं आणि परसात लोटून दिली.

पुढच्याच वर्षी दौंडला ड्यूटीवर असताना मामांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. रेल्वेच्या दवाखान्यातून त्यांना घरी आणलं तेव्हा बोलणं थोडं जड होतं, डावा हात आणि पाय निर्जीव. आम्हाला वाटलं, आत्या आता म्हणतील, दमलेत. तो शब्द त्यांच्या तोंडून आला नाही. आयुष्यभर गाडीच्या शेवटच्या डब्यात ताठ बसलेला, स्टेशनास्टेशनावर ओळखी असलेला हा माणूस भिंतीकडे तोंड करून पडला. भेटायला कुणी आलं की डोळे मिटून घ्यायचा. जेवण तर कुणासमोर घ्यायचाच नाही. मला ते बघवायचं नाही, खरं सांगते. मी स्वयंपाकघरात जाऊन रडायची.

एकदा आत्यांनी मला रडताना पकडलं. "सूनबाई, पडलेल्या माणसाला लोकं बघाय येत्यात," त्या म्हणाल्या. "बसलेल्याशी बोलाय येत्यात. ह्यांना बसवलं पायजे, न्हाईतर हे हातचे जातील." आणि कामाला लागल्या. घरातल्या झाडून सगळ्या खुर्च्या झाल्या. प्रत्येक खुर्चीतून मामा डावीकडे कलंडायचे नाहीतर पुढं घसरायचे. एकदा तर पडले आणि ओरडले, "जाळ सगळ्या! मी काय लाकूड हाय, कुठं बी ठोकून बसवायला?" आत्यांनी त्यांना उचललं, निजवलं आणि परसात गेल्या. पोत्याखालून मडमेची खुर्ची काढली. खोल बैठक, रुंद हात, दुसरं काय पाहिजे होतं? पण ती नुसती दारात दिसली आणि मामांनी तोंड फिरवलं. "त्या खुर्चीत? सारं शिरूर हसंल. मेलो तरी बसायचा न्हाई."

यावर दुसरी कुणी असती तर समजूत घालत बसली असती. आत्यांनी सकाळी खुर्ची रस्त्याकडच्या ओट्यावर नेऊन ठेवली. जुन्या लुगड्याच्या पट्ट्या फाडल्या. माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "माझा डावा हात अंगाला बांध. पाय बी बांध." मला वाटलं, बाईंचं डोकं फिरलं. "आवळ की! लाजतीस काय?" मी बांधलं. मग त्या अंग सैल सोडून खुर्चीत बसल्या. भर बाजाराच्या दिवशी! भाजीच्या पाट्या घेतलेल्या बाया, शाळेची पोरं, देवळातली मंडळी, सगळे थांबून बघत होते. पोरं खिदळत होती. आत्यांचं लक्षच नव्हतं. कुठं काख दाबते, कुठं कंबर सुटते, तिथं तिथं त्या उजव्या हातानं कोळशाची रेघ ओढत होत्या. दुपारी मी ताट आणलं. डावा हात बांधलेलाच ठेवून त्यांनी एकट्या उजव्या हातानं भाकरीचा तुकडा मोडायचा प्रयत्न केला. भाकरी ताटभर फिरली, तुकडा काही मोडेना. "म्हंजी हे म्हणून जेवत न्हाईत व्हय लोकांफुडं," त्या हळूच म्हणाल्या. मला सकाळपासून नुसती लाज वाटत होती. त्या वेळी पहिल्यांदा कळलं की आपण कुणाच्या घरात सून म्हणून आलोय.

आतून मामा ओरडत होते, "अगं ऊठ! इज्जत घालवलीस गावात!" त्यांची खाट दारासमोरच होती, सगळं दिसत होतं. तेवढ्यात आत्या डावीकडे कलल्या. सावरायला हात नाही, पाय नाही. खुर्चीच्या हाताखाली डोकं, वर नुसतं लुगडं, आणि खालून आवाज, "सूनबाई, अगं काढ मला, आडाकले की!" आणि आतून हसू आलं. मामांचं हसू. तोच तो जुना ठसका. आत्याही त्या आवळलेल्या अवस्थेत हसायला लागल्या आणि मला सोडवायचं भान राहिलं नाही. हसणं ओसरल्यावर मामा म्हणाले, "डाव्या अंगाला उशी लाव. मी पण तिकडंच पडतो."

त्यापुढचे दिवस आत्या ठोकायच्या आणि मामा खाटेवरून हुकूम सोडायचे. डावा हात उंच केला, आतून काथ्या भरला. मागचे पाय थोडे कापले, म्हणजे बैठक मागं झुकून माणूस घसरायचा थांबला. मान टेकायला सागवानी फळी बसवली. झाकणाखालचं भोक मात्र तसंच ठेवलं. मडमेला त्याचा जो उपयोग ठाऊक होता तो आम्हाला आता पटला, आणि मामांनी त्याचीही थट्टाच केली. खुर्चीच्या दोन हातांवर ठेवायला एक आडवी फळी केली आणि तिच्या कडेला एक उभी पट्टी ठोकली. कशाला, मला समजेना. आत्यांनी फळीवर ताट ठेवलं, भाकरी त्या पट्टीला टेकवली आणि म्हणाल्या, "मोडा." मामांनी उजव्या हातानं तुकडा मोडला. भाकरी हलली नाही. मामांनी तो तुकडा तोंडात घातला नाही, नुसता हातात धरून बसले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आत्या म्हणाल्या, "कालवण गार व्हतंय."

आठ-नऊ वर्षं मामा त्या खुर्चीत ओट्यावर बसले. शिरूर हसलं का? हसलं की. मामांनीच हसवलं. येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून खुर्चीची कथा सांगायचे. घोड नदीकाठच्या मळ्यातला एक माळी रोज फुलांच्या पाट्या घेऊन तिथून जायचा, तो तर पाटी उतरवून मामांशी गप्पा मारायलाच टेकायचा. ओट्यावर माणसांची दाटी असायची आणि आत्या आत कुणाची तरी खुर्ची खरवडत असायच्या. एका हिवाळ्यात सकाळी मामा उठलेच नाहीत. शांतपणे गेले.

पुरलं, प्रार्थना झाल्या. खुर्ची ओट्यावर तशीच. आमच्या घरात सगळ्यांचं ठरून गेलं होतं, ती आता जपून ठेवायची. माझे यजमान तर तिच्यावर कुणाला हात टेकू देत नव्हते. मग तो माळी भेटायला आला. फुलं ठेवली, थोडं बोलला आणि जाताना उगाचच खुर्चीभोवती घुटमळला. मागितलं काही नाही. त्याची मुलगी लहानपणच्या तापात पायानं अधू झाली होती, हे आम्हाला मामांकडून माहीत होतं.

"पोरीला कशावर बसवता?" आत्यांनी विचारलं.

"कशावर न्हाई, बाई. खाली पोत्यावर आसती."

"उद्या घेऊन या तिला."

दुसऱ्या दिवशी आत्यांनी पोरीचं माप घेतलं आणि करवत काढली. यजमानांना राहवेना. "आत्या, अहो, मामांची खुर्ची आहे ती!" आत्यांनी करवत थांबवली नाही. "बघ बरं," त्या म्हणाल्या, "हायेत का मामा तिच्यात?" यजमान घरात निघून गेले. आत्यांनी पाय कापले, हात खाली आणले, बैठक पुढं घेतली. रडतील, थांबतील, म्हणून मी तिथंच बसून होते. त्या रडल्या नाहीत.

शेवटी राहिली मान टेकायची फळी. तिच्यावर मामांच्या डोक्याच्या तेलाचा काळा डाग पडला होता, बरोबर मधोमध. आत्यांनी रंधा लावला आणि एक हात मारला. लांबच लांब सोलपट निघालं. ते त्यांनी उचललं, नाकाशी नेलं आणि तसाच हात धरून थांबल्या. मग रंधा बाजूला ठेवला. डाग अजून होताच, थोडा फिका झालेला.

"एवढं राहू दे," त्या म्हणाल्या. "पोरीचं डोकं तितवर पोचत न्हाई." आणि पदरानं तोंड पुसून मला सांगितलं, "जा, माळ्याला म्हणावं, गाडी घेऊन ये."