आसरांमधला शंखांचा दगड

मंद्रूपला चुलत्यांनी विहीर खणायला घेतली, तेव्हा मी सोलापुरात कॉलेजला होते, भूगर्भशास्त्र घेऊन. "पोरीला दगडधोंडे कशाला?" असं घरात सगळ्यांचं म्हणून झालं होतं. मी कुणाचं ऐकते! सुट्टी लागली की त्या विहिरीवरच पडीक.

काळा पाषाण फोडता फोडता मध्येच करड्या दगडाचा थर लागला. सुरुंगानंतर त्याचा मुठीएवढा तुकडा वर आला. बघते तर काय, एका अंगाला बारीक बारीक शंख! अगं बाई, मी तो उन्हात धरून एकेक शंख मोजायला लागले. कोट्यवधी वर्षांपूर्वी लाव्हा वाहायचा थांबला, वर तळं साचलं, त्यात हे जीव रांगले. डायनोसॉर पाण्याला आले असतील. मग पुन्हा लाव्हा आला आणि सगळं झाकून गेला. आमच्या रखरखीत रानात तळं! तिथं जाऊन नुसतं बसावं, असं इतकं वाटलं की रडूच आलं. पुढं सासरी माहेरची ओढ लागायची, ती अशीच.

दगड धुऊन काठावर वाळत ठेवला आणि जेवायला गेले. इथंच घात झाला. तेवढ्यात विहिरीला पाणी लागलं. पाणी लागलं की आमच्याकडं काठावर सात दगड मांडून शेंदूर लावतात. त्या साती आसरा, पाण्याच्या देवी. काकूनं हाताला येतील ते सात दगड उचलले. त्यात माझाही.

"काकू, तो माझा आहे!"

"आता तुजा कसला? देव झाला की त्यो. हात लावायचा न्हाय."

मी रागानं रात्रीचं जेवणच टाकलं. काकू मात्र दर अमावास्येला तेल-शेंदूर चढवत राहिली.

दोनेक वर्षांत माझं लग्न ठरलं, तेही लांब नागपूरकडं. निघायच्या आधी काकू स्वतः मला विहिरीवर घेऊन गेली. "घिऊन जा बाई तुजा दगूड. म्या मागते आसरेची माफी."

मी वाकले. सातही शेंदराचे गोळे, एकसारखे. माझा कुठला, मला ओळखू येईना. तिलाही येईना.

"सगळेच खरवडून बघू या?"

काकूचे डोळे भरून आले. "एकीची मागीन गं माफी. सातींची कशी मागू?"

मग मी सातींनाही हळदकुंकू वाहिलं आणि तिच्याबरोबर घरी आले. ते शंख मला अजून बघायचे आहेत.