सगुणाबाईंचं कोरं पुस्तक

मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवायला पुस्तक निवडणं हा काय डोक्याला ताप असतो, ते ज्याने निवडलंय त्यालाच माहीत. मी चार निवडली. तीन फसली आणि चौथ्याने मला सगळ्यांसमोर तोंडावर पाडलं. आता ती पुस्तकं ज्यांच्यासाठी निवडली त्यांच्यापासूनच सांगायला हवं, म्हणजे सगुणाबाईंपासून.

सगुणाबाई मुठ्याच्या, पुण्याजवळच्या खेड्यातल्या. वय पंचावन्नच्या आसपास, शाळा चौथीपर्यंत, आवाज खणखणीत. नवरा नथूभाऊ जाऊन सहा वर्षं झाली. बरीचशी जमीन त्यांच्या हयातीतच पुण्याच्या लोकांना बंगल्यांसाठी विकली गेली. उरलेली जागा त्यांनी बायकोच्या नावावर केली आणि सगुणाबाईंनी तिथे दोन खोल्या बांधल्या. शनिवार-रविवार पाहुणे येऊन राहतात. पिठलं-भाकरी, चुलीवरचं मटण, सकाळी पोहे. चादरी अशा की आपल्या घरी नसतील. हे सगळं त्या एकट्या बघायच्या, फक्त एक सोडून. खोली हवी असली की लोक त्यासाठी घेतलेल्या वेगळ्या मोबाइलवर इंग्रजीतून विचारतात. तो मोबाइल पुण्याच्या सूसमध्ये राहणाऱ्या मुलाकडे, रोहितकडे असायचा आणि वाचून उत्तर द्यायचं काम तो तिथून करायचा.

रोहित आयटीत. दिवसभर मीटिंगा. त्याचं उत्तर जाईपर्यंत पाहुणा दुसरीकडे खोली घेऊन मोकळा. शेवटी तो वैतागला. सूसमधला एक एजंट दोन्ही खोल्या अकरा महिन्यांच्या कराराने मागत होता. पाहुणे तो आणणार, कारभार तो बघणार, सगुणाबाईंनी स्वयंपाक करायचा. रोहित आईला म्हणाला, "दसऱ्यापर्यंत तू स्वतः बघायला शीक. नाही जमलं तर एजंटला देऊन टाकू." सगुणाबाई "व्हय" म्हणाल्या आणि पुढच्या मंगळवारी माझ्या वर्गात येऊन बसल्या.

मी रजनी. मूळची बार्शीची, नवऱ्याच्या नोकरीपायी सूसच्या एका सोसायटीत येऊन पडलेली. घरात बसून डोकं फिरायची वेळ आली तेव्हा एका संस्थेने मुठ्यात बायकांना इंग्रजी शिकवाल का, असं विचारलं. मंगळवारी आणि गुरुवारी, मुलांची शाळा सुटली की त्याच खोलीत. आठ बायका, आणि पुस्तक मी निवडायचं. मला वाटलं, त्यात काय एवढं.

पहिलं पुस्तक आणलं ते चित्रांचं, ठळक अक्षरांचं, सोपं. सगुणाबाईंनी पहिलं पान उघडलं आणि मिटलं.

"बाई, ह्ये सफरचंद माज्या नातीच्या पुस्तकातबी हाय. आमाला इथं येनाऱ्या मानसाला इचारायचं हाय, किती जन येनार, कवा येनार. त्यो काय सफरचंद मागत न्हाई."

बाकीच्या सात जणी हसल्या. मीही हसले, पण मला झोंबलं.

दुसरं होतं परदेशी. गुळगुळीत कागद, झकास छपाई. पहिल्या धड्यात कोणी विमानतळावर सामान शोधतंय, दुसऱ्यात बर्फ पडतंय, तिसऱ्यात नवरा-बायको संग्रहालयाची तिकिटं काढतायत. आठ बायकांना आधी संग्रहालय समजावून सांगण्यात माझा तास गेला. तिसरं स्वारगेटच्या फुटपाथवरचं, महिन्याभरात इंग्रजी बोला म्हणणारं, मराठी अर्थासकट. त्यात वाक्यं काय, तर "चोर पकडला गेला" आणि "राजा शिकारीला निघाला". सगुणाबाईंनी ती घडाघडा पाठ केली. पुढच्याच रविवारी पाहुणा म्हणाला, गरम पाणी आहे का, आणि यांच्याकडे राजा तयार. त्या दिवशी त्यांनी मला नीट सुनावलं. "बाई, तुमी स्वतः कवा पाव्हनं जेवू घातल्यात का?" म्हणाल्या. मी पुस्तक पिशवीत घातलं.

मग ऑगस्टात चौथं सापडलं. लॉजमध्ये, खानावळीत काम करणाऱ्या मोठ्या माणसांसाठी केलेलं. खोली, मालक, पाहुणा, गरम पाणी, गाडी कुठे लावू, कुत्रा आणला तर चालेल का. मी दुकानातच उभ्या-उभ्या अर्धं वाचलं. डाव्या पानावर धडा आणि उजव्या पानावर नुसते प्रश्न आणि त्यांच्यापुढे रिकाम्या जागा, ज्याने त्याने आपलं नाव, आपलं गाव, आपल्या खोल्या भरायच्या. मला इतका आनंद झाला की मी नवऱ्याला फोन केला, त्याला काही कळलं नाही.

संस्थेचे शेखरसर मात्र अडून बसले. पुस्तक चाळून म्हणाले, "मॅडम, हे अर्धं पुस्तक कोरंच आहे. कोऱ्या कागदाचे पैसे कोण देतं?" मी म्हटलं, ती कोरी पानं हाच या पुस्तकाचा जीव आहे. ते ऐकेनात. शेवटी मी तावातावाने बोलून गेले, "दोन महिन्यांनी येऊन बघा. एक जागा रिकामी दिसली तर वर्ग बंद करा." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पुस्तकं आली. पुढच्या वेळी बघते तर आठही पुस्तकांना जुन्या कॅलेंडरच्या पानांची कव्हरं आणि वर हळदीकुंकवाचं बोट. मला कौतुक वाटलं. धडे भराभर चालले. लिहायचं घरी, वर्गात मी तोंडी विचारायचे आणि त्या तोंडी सांगायच्या. पुस्तकं उघडून तपासायचा मला पहिल्यापासून कंटाळा. हा माझा दोष, तो मी लपवत नाही.

दसरा चार दिवसांवर असताना शेखरसर आले. मी ऐटीत म्हटलं, बघा. त्यांनी पहिलं पुस्तक उघडलं. डावं पान छापील, उजव्यावर प्रश्नांपुढे सगळं पांढरं. दुसरं उघडलं, तेही पांढरं. आठच्या आठ पुस्तकं, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत, दुकानातून आणल्यासारखी कोरी. ते रागावले असते तर परवडलं असतं. ते हसले. "कोरा कागद कोराच राहिला की, मॅडम. दसऱ्यानंतर बोलू," म्हणाले आणि गेले.

मग मी जे सुटले. म्हटलं, मी सूसहून गाडी हाकत येते ती कोणासाठी? चार पुस्तकं बदलली, लोकांशी भांडले, आणि तुम्हाला घरी दोन ओळी लिहायला होत नाही? पालथ्या घड्यावर पाणी आहे सगळं. बायका खाली मान घालून उठून गेल्या.

सगुणाबाई तेवढ्या थांबल्या. त्यांचं पुस्तक माझ्यासमोर उघडंच होतं. खिडकीतून ऊन तिरपं पानावर पडलं होतं आणि त्या उन्हात पांढऱ्या पानावर अक्षरं दिसली. अक्षरं म्हणजे अक्षरांचे खळगे. दाबून लिहिलेलं आणि खोडलेलं. पानांच्या बेचक्यात खोडरबराचा भुगा साचला होता. मी बोट फिरवलं. "खोलीचा मालक कोण" या प्रश्नापुढे सगुणा असं इंग्रजीत लिहिलेलं बोटाला लागत होतं.

"लिहिलं होतंत? मग खोडलंत कशाला?"

"पुस्तक हाय बाई त्ये," त्या म्हणाल्या. "लिवून खराब केलं तर फुडच्याला काय द्यायाचं?"

मग त्यांनी सांगितलं. शाळेत थोरल्या भावाचं पुस्तक त्यांना यायचं आणि त्यांचं धाकट्या बहिणीला, कल्पनाला जायचं. एकदा त्यांनी पुस्तकातल्या मोराला रंग दिला तर गुरुजींनी हातावर पट्ट्या मारल्या. पुस्तकात लिहायचं नसतं, हे मुठ्यातल्या बाईला कोणी शिकवावं लागत नाही. आठही जणींनी आपसात ठरवलं होतं की पुढच्या वर्षी येणाऱ्या बायकांना हीच पुस्तकं द्यायची. शिसपेन्सिलीने लिहायचं, बरोबर-चूक बघायचं, खोडायचं.

"माजं तीनदा भरून झालंय," सगुणाबाई म्हणाल्या.

मला रडू आलं नाही, संताप आला, आणि तो माझाच. सहा महिने मी अक्षरांचा आकार बघितला, चित्रं बघितली, धड्यांचा क्रम बघितला. आणि ही माणसं पुस्तकाचं करतात काय, हे विचारायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. म्हटलं, शेखरसर असताना का नाही बोललात?

"काय बोलू? खोडल्यालं कुनाला दावता येतं व्हय? रोयतनंबी रविवारी पुस्तक उगडून बगितलं. म्हनला, आई, येक अक्षर लिवलं न्हाईस. आज त्यो कराराचा कागद घिऊन आलाय. मी घरीच निगाले."

मी त्यांना गाडीवर मागे बसवलं आणि त्यांच्या घरी गेले. रोहित ओट्यावर बसला होता, समोर कागद. तोंडावरून वाईट मुलगा वाटत नव्हता, दमलेला वाटत होता. मी दम न घेता सगळं सांगितलं. पुस्तक उन्हात तिरकं धरून त्याला ते खळगे दाखवले. त्याने वाकून बघितले.

"असेल, मॅडम. पण पाहुण्याला काय पुस्तक तिरकं धरून दाखवणार? मी एजंटला शब्द दिलाय. आणि आईलाच त्रास कमी होईल."

सहा महिन्यांत मला इतकं हरल्यासारखं कधी वाटलं नव्हतं.

सगुणाबाईंनी कागद उचलला. इंग्रजीत छापलेला कच्चा मसुदा होता, सही व्हायची होती. त्या ओट्याच्या कडेला बसल्या आणि बोट ठेवून वाचायला लागल्या. वर्गात वाचायच्या तशाच, मोठ्याने, एकेक अक्षर जोडत. आम्ही दोघं बघत राहिलो.

"ओनर," त्या म्हणाल्या. "रोहित नथू." मग माझ्याकडे बघितलं. "ओनर म्हंजी मालक ना, बाई?"

मी हो म्हटलं.

बोट खाली सरकलं. "केअर... टेकर. सगुणाबाई." त्या थांबल्या. "ह्यो शब्द आपल्या पुस्तकात न्हवता. रोयत, काय रं म्हंजी?"

रोहितचा चेहरा उतरला. "देखरेख करणारी," तो हळू म्हणाला. "एजंटने भरलंय ते, आई. मी नीट वाचलं नाही."

"तुला तर इंग्रजी येतंय की."

त्याचं खरंच वाचायचं राहिलं असेल, मला तसंच वाटलं.

सगुणाबाईंनी हात पुढे केला. मी सवयीने पर्समधून पेन्सिल काढून दिली. त्यांनी ती परत माझ्या हातात ठेवली.

"शिसपेन्सिल नगं. रोयत, तुजं पेन दे."

त्यांनी मुलाच्या नावावर एक रेघ मारली, केअरटेकरवर दुसरी मारली. मग पहिल्या रेघेच्या वर, जागा पुरेल का ते आधी बोटाने मोजून, इंग्रजीत सुटंसुटं लिहिलं, सगुणा. शाई वाळेपर्यंत कागद तसाच धरून बसल्या. मग घडी घालून रोहितच्या हातात दिला.

"त्येला सांग, मालकीन न्हाई म्हनतीया. आन् त्यो पाव्हन्यांचा मोबाइल हिकडं ठेवून जा."